आधी कॅनचा तळ वाचा

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या वेलांट्या आणि उकार जागेवर बसवतेय. या कामात एक खोड लागते आणि ती सुटत नाही: पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाकडे बघायचंच नाही. आधी आतलं बारीक अक्षरांचं पान काढायचं. आवृत्ती कितवी, साल कोणतं, छापलं कुणी. चित्र आणि मलपृष्ठावरची स्तुती सगळ्यात शेवटी.

छोट्या ब्रूअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्याच्या, आयपीएचा कॅनही मी असाच वाचते. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, हॉपच्या फुलांनी घमघमणारी कडवट बिअर. उलटा करते, चष्मा कपाळावर सरकवते आणि तळ डोळ्यांजवळ नेते. माझा भाचा, ज्यानं मला हे वेड लावलं, तो हसतो. "मावशी, तू बिअर पितेस की प्रूफ तपासतेस?" चव घ्यायची असेल तर प्रूफच तपासायचं असतं, बाळा. नुसती प्यायची असेल तेव्हा मीही तुझ्यासारखी खुर्चीत रेलून पिते, तेव्हा कुणी चवीच्या नोंदींची वही काढत नाही. पुढचं सगळं वहीच्या दिवसांसाठी आहे.

तळ

तळाशी शाईच्या ठिपक्यांनी छापलेली एखाद-दुसरी ओळ असते. ती कधी कधी बोटानं घासूनसुद्धा पुसली जाते, म्हणून कॅन ओला व्हायच्या आधीच वाचा. 'पॅकेज्ड ऑन' किंवा 'कॅन्ड ऑन' असेल तर काम सोपं, ती भरल्याची तारीख. 'बेस्ट बिफोर' असेल तर उलटी आकडेमोड आली, कारण मुदत किती द्यायची हे ब्रूअरी आपलं आपण ठरवते. कुणी सहा महिने देतं, कुणी वर्ष. ०५/०६ असं लिहिलेलं असेल तर कॅन कुठल्या देशातला ते बघा. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे ती ६ मे झाली. काही जण नुसता तीन आकडी दिवस छापतात: २४५ म्हणजे वर्षाचा दोनशे पंचेचाळिसावा दिवस, २ सप्टेंबर. लीप वर्ष असेल तर १ सप्टेंबर. तारीखच नसेल तर मी कॅन परत ठेवते. साल न छापलेल्या पुस्तकावर माझा जेवढा विश्वास, तेवढाच त्या कॅनवर.

तारखेचं एवढं प्रस्थ कशासाठी, तर आयपीएचा सगळा जीव हॉपच्या वासात असतो आणि तो वास फार टिकत नाही. हॉप म्हणजे एका वेलीची मादी फुलं. गांजा ज्या कुळातला, त्याच कुळातली ही वेल. फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. कडवटपणा आणि सुगंधी तेलं दोन्ही तिच्यातच. कॅन भरताना आत राहिलेला थोडासा ऑक्सिजन या तेलांच्या मागे लागतो, आणि कॅन उबेत असेल तर त्याचा वेग वाढतो. बिअरच्या धंद्यातले लोक ३-३०-३०० असा ठोकताळा सांगतात: साधारण ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत बिअरची जितकी हानी होते, तितकी २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३ अंशांना ३०० दिवसांत. काटेकोर नियम नव्हे, पण गाडीच्या डिकीत कॅन विसरायची सवय मोडायला पुरेसा आहे.

माझा स्वतःचा हिशेब असा: गढूळ, रसाळ प्रकारची आयपीए असेल तर भरल्यापासून दोन महिन्यांच्या आत, स्वच्छ, कडक, वेस्ट कोस्ट म्हणतात ती असेल तर चार महिन्यांपर्यंत, दोन्ही वेळा सतत फ्रिजमध्ये ठेवलेली. त्यापलीकडची बिअर मी पिते, वहीत मात्र तिला शेरा देत नाही.

हा नियम मी एका फजितीनंतर केला. सुरुवातीच्या दिवसांत एका लहानशा ब्रूअरीची आयपीए घेतली आणि वहीत अर्धं पान भरून झोडपलं. 'गोडसर, मधाळ, मागे ओल्या पुठ्ठ्याचा वास. हॉप घातलेत कुठे?' असं मोठ्या दिमाखात लिहिलं. चार दिवसांनी भाच्यानं रिकामा कॅन उलटा करून मला दाखवला. अकरा महिने झाले होते, आणि मी तो उचलला होता उन्हाच्या खिडकीतल्या फळीवरून. ओला पुठ्ठा, मध, सगळी म्हातारपणाची लक्षणं. छापखान्याची चूक मी लेखकाच्या माथी मारली होती. तो शेरा मी खोडलेला नाही, लाल शाईनं समासात दुरुस्ती केली आहे.

तळ वाचून झाला की कडा बघा. वरच्या शिवणीजवळ खोल पोचा असेल तर आत हवा शिरलेली असू शकते. कॅन फुगलेला, दगडासारखा टणक लागत असेल तर आत पुन्हा आंबणं सुरू झालंय. तो उघडायच्या भानगडीत पडू नका.

मालक कोण हेही बारीक अक्षरांतच सापडतं. रानटी चित्र आणि वेडंवाकडं नाव म्हणजे छोटी ब्रूअरी असं नसतं. अमेरिकेतल्या ब्रूअर्स असोसिएशनच्या व्याख्येत 'छोटी' म्हणजे वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत, म्हणजे तशी चांगलीच मोठी. आणि 'स्वतंत्र' म्हणजे क्राफ्ट ब्रूअर नसलेल्या दुसऱ्या मद्यकंपनीकडे २५ टक्क्यांहून कमी हिस्सा. २०१७ पासून अशा ब्रूअऱ्या उलट्या बाटलीच्या आकाराचा एक शिक्का कॅनवर लावू शकतात. इतरत्र 'अमुकांसाठी बनवली' आणि 'अमुकांनी बनवली' यातला फरक शोधा. एका प्रत्ययात सगळं असतं. छोट्या ब्रूअरीचा मला खरा उपयोग असा की तिची बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसते आणि एका घाण्याची चव दुसऱ्यासारखी तंतोतंत येत नाही. त्यामुळे घाणा क्रमांक दिसला तर तोही उतरवून घ्या. मात्र बिचारे लहान आहेत म्हणून गुण वाढवून देऊ नका. कवी नवोदित आहे म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाही.

कॅन गुंडाळा, ग्लास धुवा

आता कॅनचं पोट झाका. तिथे ब्रूअरीनं 'आंबा, पॅशनफ्रूट, पाइनचं जंगल' असं लिहून ठेवलेलं असतं, आणि ते एकदा वाचलं की तुमचं नाक आज्ञाधारक पोरासारखं तेच वास शोधून आणतं. मी जुन्या प्रुफांच्या कागदात कॅन गुंडाळते आणि रबरबँड लावते. मोजाही चालतो, धुतलेला असला तर.

कॅनबद्दल नाक मुरडणारे अजून भेटतात, "टिनाची चव येते" म्हणून. कॅनला आतून अस्तर असतं, बिअर धातूला लागत नाही. धातू लागतो तो तुमच्या ओठांना. कॅनमधली बिअर पहिल्यांदा विकली गेली २४ जानेवारी १९३५ रोजी, न्यू जर्सीतल्या क्रूगर ब्रूअरीची, व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात. छोट्या ब्रूअऱ्यांनी मात्र कॅनला बरीच वर्षं हलकं मानलं. २००२ मध्ये कोलोरॅडोतल्या ऑस्कर ब्लूज या लहान ब्रूअरीनं आपली डेल्स पेल एल स्वतः कॅनमध्ये भरायला घेतली आणि हवा बदलत गेली. कॅनचा मोठा गुण म्हणजे अंधार. प्रकाश लागला की हॉपमधल्या कडू द्रव्यांपासून एक गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि स्कंक नावाच्या प्राण्यासारखा दर्प सुटतो; पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत हे उन्हात फार लवकर होतं. कॅनमध्ये होऊच शकत नाही. ग्लासात ओतून उन्हात बसलात तर मात्र होतं, तेव्हा सावलीत बसा.

ग्लास हवाच. भाच्याचं यावर एकच पालुपद: "मावशी, एका कॅनवर तर चक्क छापलंय, कॅनमधूनच प्या म्हणून!" खरं आहे. व्हरमाँटच्या 'दि अल्केमिस्ट' या ब्रूअरीच्या हेडी टॉपर या बिअरच्या कॅनवर तशी सूचना असते. ओतली की वास उडून जातो असं त्यांचं म्हणणं. पिण्यापुरतं मला ते मान्य आहे. पण एवढ्याशा भोकातून वास घेता येत नाही, आणि रंग तर दिसतच नाही.

वरती निमुळता होत जाणारा कुठलाही पातळ काचेचा ग्लास चालतो. वाइनचा असेल तर उत्तम. २०१३ मध्ये श्पीगेलाऊ या काचकंपनीनं डॉगफिश हेड आणि सिएरा नेवाडा या ब्रूअऱ्यांबरोबर खास आयपीएचा ग्लास काढला, बुडाशी वळ्या-वळ्यांचा. माझ्याकडे एक होता, तो धुताना फुटला, आणि त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही.

ग्लास कसला यापेक्षा तो किती स्वच्छ आहे हे महत्त्वाचं. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस लगेच विरतो. गरम पाण्यानं भरपूर विसळा, पालथा घालून वाळू द्या, फडक्यानं पुसू नका, फडक्याचे तंतू आणि वास दोन्ही लागतात. तपासायचं असेल तर आतून ओला करून पालथा धरा. पाणी एकसंध पडद्यासारखं ओघळलं तर ठीक. थेंबाथेंबानं अडखळलं तर पुन्हा धुवा. ओतल्यावरही कळतं: मळकट जागी बुडबुडे काचेला चिकटून बसतात. आणि ग्लास फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर बर्फाची साय आणायची हौस असेल तर ती दुसऱ्या बिअरवर भागवा.

फ्रिजमधून काढलेला कॅन ३-४ अंशांना असतो. इतक्या थंडीत वास दबून राहतात आणि जिभेलाही फारसं कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, ७ ते १० अंशांच्या दरम्यान सुरुवात करा. हाताला गार लागावा, बोचू नये, एवढी खूण पुरे.

एका कॅनला चार माणसं म्हणजे बेताचं होतं. ४७३ मिलीलिटरचा कॅन आणि ७ टक्के मद्यार्क असेल तर आत सुमारे २६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल झालं. ते चौघांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला ११८ मिली बिअर येते आणि तिसऱ्या कॅनपर्यंत अक्षर वाचता येण्याजोगं राहतं. तिसऱ्यानंतर मी वही मिटते. कडू चवीनं जीभ दमते, आणि दमल्या जिभेचे शेरे दमल्या डोळ्यांच्या प्रुफांसारखे असतात. गाडी चालवणाऱ्यानं त्या दिवशी नुसता वास घ्यावा, तोही मोठा भाग आहेच.

नाक

उघडताना कान द्या. खणखणीत 'फस्स' झालं तर वायू शाबूत आहे. ग्लास तिरपा धरून ओता, निम्म्यावर आल्यावर उभा करा आणि मधोमध ओता, म्हणजे दोन बोटं फेस येईल. फेस टाळू नका, वास वर आणायचं काम तोच करतो. गढूळ आयपीएत तळाशी यीस्ट आणि हॉपचा गाळ बसलेला असतो. उघडायच्या आधी कॅन एकदा हलकेच उलटा-सुलटा केलात तर तो सारखा मिसळतो. मी तसं न करता शेवटचे दोन घोट वेगळ्या पेल्यात काढते आणि दोन्ही ताडून बघते. पुष्कळदा गाळाचा पेला पालेदार आणि घशाला खरखरीत लागतो.

रंग बघत बसू नका, आधी नाक. सगळ्यात हलके वास पहिल्या मिनिटातच उडून जातात.

पहिल्यांदा ग्लास नाकाखालून नुसता फिरवून न्या, रस्त्यानं जाताना फुलवाल्याचा वास यावा तसा. मग दोन-तीन छोटे हुंगे, कुत्रा हुंगतो तसे. मग एक लांब श्वास. शेवटी ग्लासवर तळहात झाकून गोल फिरवा, हात काढा आणि लगेच हुंगा. या चारांत दरवेळी काहीतरी निराळं हाती लागतं. नाक बधिर झाल्यासारखं वाटलं तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. ते तुमच्या नाकाचं कोरं पान. अर्थात त्या दिवशी अत्तर लावलेलं नको. माझी एक मैत्रीण एकदा मोगऱ्यात न्हाऊन आली होती. त्या संध्याकाळी आम्ही चौघांनी तीन वेगवेगळ्या बिअरमध्ये 'फुलांचा वास' नोंदवला.

आणि बोलायचं नाही. प्रत्येकानं तीन शब्द लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा आमच्या टेबलाचा एकमेव कायदा आहे. एकानं "आंबा" म्हटलं की बाकीच्या तिघांच्या ग्लासात आंबा येतो.

शब्दांचं काय, असं लोक विचारतात. चवीचं बोलायचं तर इंग्रजीतच, अशी एक समजूत आहे. मला ती पटत नाही. आपल्याकडे नुसत्या कडूच्या तीन पायऱ्या आहेत: कडू, कडवट, कडसर. साखरेनं झाकलेल्या आयपीएला मी कडसर लिहिते, जीभ आवळणारीला कडू. तुरट हा शब्द तर आपला दागिना आहे. कडू आणि तुरट यांत घोळ घालणारे जगभर आहेत, पण सुपारीचा नुसता उच्चार केला तरी आपल्या गालांना कळतं की हे कडूहून निराळं आहे. आणि मग हिरवट, कुबट, खवट, ओशट, आंबूस, करपट, उग्र. घमघमाट वेगळा, दरवळ वेगळा, दर्प वेगळा. ज्या भाषेत एवढी हत्यारं आहेत तिथे 'मस्त फ्रूटी आहे' वर भागवणं हा आळस झाला.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: फळ, फूल, पाला की राळ? फळ म्हणालात तर पुढे जा: आंबट की गोड? आंबट असेल तर रस की साल? संत्र्याची साल नखानं चिमटली की हाताला जो तेलकट, झणझणीत वास लागतो, तो आणि संत्र्याचा रस यांत मोठं अंतर आहे. आयपीएत बहुतेक वेळा सालच असते. गोड असेल तर पिकलेलं की अतिपिकलेलं? पेरू कापताना येणारा थोडा घामट वास बऱ्याच हॉपांत असतो, आणि त्याला कारण गंधकाची काही संयुगं. तीच जास्त झाली की ब्लॅककरंट नावाचं काळं फळ, मग मांजराचं मूत्र, मग सरळ कांदा-लसूण. कांदा आला म्हणून लगेच चूक धरू नका, काही हॉपांचा तो स्वभावच असतो. आवडला नाही तर 'आवडला नाही' असं लिहा, 'चूक' लिहू नका. हा फरक मला माझ्या धंद्यानं शिकवला: लेखकाची शैली खटकली म्हणून ती अशुद्ध होत नाही.

डोळे

हे पटकन. सोनेरी, पिवळी, तांबूस. आरपार दिसते की दुधाळ. गढूळपणा हा दोष नव्हे, ओट्स, गहू आणि हॉपच्या द्रव्यांनी तो मुद्दाम आणलेला असतो. पण गढूळ बिअरच्या पिवळ्यावर करडी किंवा जांभळट छटा चढलेली दिसली तर ऑक्सिजननं तिला गाठलंय, तळावरची तारीख काहीही असो. घोटागणिक ग्लासच्या आत फेसाची जाळी उरत गेली तर छान.

तोंड

पहिला घोट वहीत धरू नका, तो तोंडाची ओळख करून देण्यापुरता. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा, ओठ मिटून ठेवा आणि नाकावाटे श्वास सोडा. याच श्वासात बिअर खरी बोलते, कारण वास आता घशाच्या मागून नाकात चढतो. समोरून आंबा असलेली बिअर मागून चक्क पाइनची राळ निघाली, असं कितीदा तरी झालंय. वाइनवाल्यांसारखं थुंकायची पद्धत बिअरमध्ये नाही. कडवटपणा गिळल्यानंतरही चढत राहतो, आणि तोच तर बघायचा.

शाळेत जिभेचा नकाशा शिकवतात, टोकाला गोड आणि मागे कडू, तो विसरा. १९०१ मधल्या एका जर्मन प्रबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि ती चूक पाठ्यपुस्तकांतून छापली जात राहिली. (एकाही मुद्रितशोधकानं पकडली नाही.) कडू चव जिभेवर सगळीकडे कळते.

कडवटपणा मी सेकंदांत मोजते. गिळल्यावर मनात आकडे म्हणते: कधी चढला, कधी शिखराला गेला, कधी ओसरला. पाच सेकंदांत स्वच्छ ओसरणारी आणि वीसपर्यंत घशाला लटकून राहणारी, या दोघींच्या कॅनवर आयबीयूचा आकडा सारखाच असू शकतो. आयबीयू म्हणजे ढोबळमानानं एका लिटरमधली कडू द्रव्यं, मिलिग्रॅममध्ये. उकळताना हॉपमधल्या अल्फा आम्लांचं रूप बदलतं, त्यातून ती तयार होतात. उकळून झाल्यावर, थंड बिअरमध्ये घातलेले हॉप, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, ते मुख्यतः वासासाठी. म्हणून एखादी बिअर हॉपनं घमघमते आणि तरी कडसरच लागते. आकडा बिअरमधला गोडवाही मोजत नाही. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, साखर जास्त उरली असेल तर ६५ सुद्धा सौम्य लागतो.

मग अंग बघा. पाण्यासारखी पातळ, की ओट्समुळे मऊसर, सायीसारखी? बुडबुडे टोचतात की नुसते गुदगुल्या करतात? मद्यार्क ऊब देतो की जाळतो? घशाला पाल्यासारखी खरखर लागली तर दोन शक्यता: गाळ आला, नाहीतर बिअर फारच ताजी आहे. हो, ताजेपणाही जास्त होऊ शकतो. कालच भरलेल्या, हॉपनं गच्च गढूळ आयपीएत तुरट कण तरंगत असतात आणि घसा जळल्यासारखा होतो. त्याच घाण्याचा दुसरा कॅन दोन-तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवून बघा, पुष्कळदा निवळलेला असतो.

ग्लास संपवू नका. तळाशी चार घोट राखा आणि वीस मिनिटांनी, १२-१३ अंशांना आल्यावर पुन्हा घ्या. गार असताना लपलेलं सगळं आता उघडं पडतं, गुणही आणि दोषही. माझे निम्मे शेरे या चार घोटांवर बदललेत.

चुका

लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर ओशटपणा: डायॲसिटिल. आयपीएत हे जरा खास कारणानं होतं. ड्राय हॉपिंगच्या हॉपमधली विकरं उरलेल्या माल्टच्या जड शर्करा फोडतात, यीस्टला नवा खाऊ मिळतो, ते पुन्हा कामाला लागतं, आणि ते काम पुरं व्हायच्या आतच कॅन भरला की लोणी आत राहतं. छोट्या, घाईतल्या ब्रूअरीत हे मी जास्त पकडलंय. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास: ॲसिटाल्डिहाइड, हीही बहुधा घाईचीच खूण. उकडलेल्या मक्याचा: डीएमएस, माल्टमधून आलेला, नीट उकळी न बसल्याचा. ओला पुठ्ठा: ऑक्सिजन. व्हिनेगरसारखं झोंबणारं आंबट: नको तो जीव आत शिरलाय, ओतून द्या.

चूक सापडली तर एकाच कॅनवर निकाल देऊ नका. दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या तारखेचा कॅन घ्या. तिथेही तीच सापडली, तर ब्रूअरीला साध्या शब्दांत कळवा, तारीख आणि घाणा क्रमांकासह. मी दोनदा कळवलंय. एकदा आभाराचं लांब पत्र आलं, एकदा काहीच आलं नाही.

तिनांतला एक

स्वतःच्या नाकाचा फार गर्व झाला की हा प्रयोग करा. प्रयोगशाळांत याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. दोन मिळत्याजुळत्या आयपीए घ्यायच्या. दुसऱ्या माणसानं तुमच्या नकळत तीन सारखे पेले भरायचे, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. तुम्ही फक्त वेगळा पेला ओळखायचा.

भाच्यानं माझ्यापुढे असे तीन पेले मांडले, खाली कागदावर क, ख, ग. मी पंधरा मिनिटं घेतली. 'ख' उचलला आणि त्यावर अर्धं पान लिहिलं: पाइन जास्त, शेवट कोरडा, हाताळणी प्रगल्भ. (प्रगल्भ! एखाद्या परीक्षणात हा शब्द दिसला तर मी समासात प्रश्नचिन्ह टाकते.) वेगळा होता 'ग'. 'क' आणि 'ख' एकाच कॅनमधले, एकाच मिनिटाला ओतलेले. भाचा काही बोलला नाही, नुसता माझी लाल लेखणी माझ्याकडे सरकवून उठून गेला.

त्यानंतर आम्ही ही चाचणी नऊ वेळा केली. नुसत्या अंदाजानंही तिनांत एकदा बरोबर येतंच, तेव्हा एखाद्या यशानं हुरळू नका. नवांपैकी सहा माझे बरोबर आले. ओळखलेल्या बहुतेक वेळा मी लिहिलं होतं कमी आणि हुंगलं होतं जास्त.

आता पोट वाचा

कागद काढा. ब्रूअरीनं काय लिहिलंय ते तुमच्या तीन शब्दांशेजारी मांडा. हॉपांची नावं दिली असतील तर ती जरूर उतरवून घ्या, कारण पाच-सहा कॅननंतर नावं आणि वास यांची जोडी जमायला लागते. सिट्रा असेल तर लिंबूवर्गी साल आणि उष्ण प्रदेशातली फळं. सिम्कोमध्ये पाइन आणि थोडी माती. कॅस्केडमध्ये ग्रेपफ्रूट आणि फुलं. १९७२ मध्ये लागवडीसाठी आलेल्या कॅस्केडचं घराणं मोठं आहे: सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रूअरीनं १९७५ मध्ये लिबर्टी एलमध्ये तिचा वास खुला केला आणि आजच्या अमेरिकी आयपीएची वाट तिथून निघाली.

नावातल्या 'इंडिया'बद्दल मलपृष्ठावर हटकून एक गोष्ट असते: जहाजावर बिअर नासत होती, म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या ब्रूअरनं जास्त हॉप घालून ही शोधून काढली. हॉजसन खरा, त्याची बो इथली ब्रूअरीही खरी, आणि त्याची बिअर भारतात जात होती हेही खरं. पण लांब टिकवायच्या बिअरमध्ये हॉप जास्त घालायची रीत त्याच्या आधीपासूनची, आणि इतर प्रकारच्या बिअरही तो प्रवास तगून जात होत्या. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे शब्द १८२९ मध्ये सिडनीच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत छापलेले सापडतात. अशी गोष्ट कॅनवर दिसली की मी हळूच पेन्सिलीनं कागदावर एक फुली मारते. सवय.

वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते, म्हणजे किती लिहायचं याचा अंदाज येईल:

'भरल्यापासून २३ दिवस. ६.८ टक्के. दुधाळ पिवळी, फेस चांगला, जाळी उरली. नाकात पेरू, संत्र्याची साल, मागे ओलं गवत. तोंडात गवत पुढे. कडसर, सात सेकंद. ११ अंशांनंतर किंचित ओशट, डायॲसिटिल? मैत्रीण म्हणते हो, भाचा म्हणतो नाही. दुसरा कॅन आणणे.'

ग्लास रात्री धुवू नका, तसाच राहू द्या. सकाळी रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. हॉप गेलेले असतात, आणि काल ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं तो माल्ट, भाजलेल्या धान्यासारखा, तळाशी बसलेला असतो. तोही लिहा, आणि मग धुवा.